आधी काटा, मग कॅम्पर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८४ ची टोयोटा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप, २२-आर इंजिन, कार्ब्युरेटरवाली, लांब हौद्याची. आधीची बरीच वर्षं ओहायोत गेली, आता कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत तुमच्या दारात उभी आहे. हौद्यात त्याच काळातला, छत वर उचलता येणारा कॅम्पर (हौद्यावर बसणारी राहायची-झोपायची पेटी) आहे आणि तो गळतो. तुम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. डोक्यात मोहावी आणि डेथ व्हॅलीची वाळवंटं आणि पुढे युटामधला व्हाइट रिमचा कच्चा रस्ता. चार इंचांची लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणं), ३३ इंची टायर, छतावर सोलर आणि जमल्यास इंजिन बदलून सहा सिलिंडरचं व्ही-सिक्स, असा बेत आहे. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात वजनकाट्यापासून करा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी जीपचं काम शिकलो. तिथे आमच्या मेस्त्रींची एक सवय होती. कुणी जीपला मागे नवी बॉडी बांधून मागितली की ते गाडी आधी उसाच्या काट्यावर पाठवायचे. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. ती चिठ्ठी हातात आल्याशिवाय वेल्डिंगला हात लावायचे नाहीत. अमेरिकेत येऊन मला वीस वर्षं झाली, अशा अकरा पिकअप मी उघडून परत उभ्या केल्या, आणि पहिलं काम अजून तेच असतं. इथे हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर काटा असतो. थोड्या डॉलरांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरचं (दोन चाकांना जोडणाऱ्या आसावरचं) वजन वेगवेगळं छापून मिळतं.

आता आहे तशी गाडी घेऊन जा. टाकी भरलेली, कॅम्पर चढवलेला, तिघंही आत बसलेले. मग ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचा. त्यावर एकूण भारासकट गाडीचं कमाल वजन आणि प्रत्येक ॲक्सलची मर्यादा लिहिलेली असते. त्या आकड्यांतून काट्याचे आकडे वजा केले की जे उरेल तेवढ्यातच तुमचं पाणी, गॅस, बॅटरी, सोलर, अंथरुणं, हत्यारं आणि मुलीची खेळणी बसली पाहिजेत. बहुतेकांचा आकडा इथेच शून्याच्या खाली जातो. तुमचाही गेला तर घाबरू नका, पण त्या आकड्याकडे पाठही फिरवू नका.

माझ्या स्वतःच्या गाडीला मात्र मी हा नियम पाळला नाही, त्याचं सांगतो. पहिल्यांदा काट्यावर नेली तेव्हा पुढे ६९० आणि मागे १,४२० किलो भरली. नेली कधी, तर सगळं बांधून झाल्यावर आणि डेथ व्हॅलीत मागच्या स्प्रिंगचा एक पाटा मोडल्यावर. यूबेहेबी विवरापासून रेसट्रॅकच्या कोरड्या तळ्याकडे सत्तावीस मैलांचा कच्चा रस्ता जातो, पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखा. मागच्या बंपरवर मी पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार कॅन टांगले होते. पाणी लिटरला एक किलो. म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही मागे ऐंशी किलो, आणि ते तरफेसारखं काम करत होतं. साताठ मैलांवर डाव्या बाजूचा मुख्य पाटा डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल वळ्याजवळ, तुटला. ॲक्सल मागे सरकला आणि चाक हौद्याच्या पत्र्याला घासायला लागलं. लाकडाचा ठोकळा, दोन रॅचेट पट्टे आणि जॅक यांवर ॲक्सल जागेवर बांधला आणि पायी चालल्याच्या वेगाने परत डांबरी रस्त्याला लागलो. बायको पुढे चालत दगड बाजूला करत होती. त्या दिवसापासून माझ्याकडे एक वही आहे. गाडीत जे जाईल ते आधी स्वयंपाकघरातल्या नाहीतर बॅगा तोलायच्या काट्यावर जातं आणि मग वहीत. आज तीच गाडी १,९०५ किलो आहे: पुढे ७२०, मागे १,१८५. तुम्हीही अशी वही घाला. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं त्या वहीशी जोडलेलं आहे.

इंजिनाचा प्रश्न आधीच निकालात काढतो, कारण त्यात तुमचे सगळे पैसे बुडू शकतात. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. १९८४ ला नाही. दर दोन वर्षांनी ती तपासणी आहेच. इंजिन बदललं तर बदली इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याचं प्रदूषण नियंत्रणाचं सगळं सामान जोडलेलं हवं आणि सरकारी रेफरीकडून तपासून घ्यायला हवं. बाजारात मिळणारा दुसरा कार्ब्युरेटर बसवायचा मोह होईल. त्याला कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक नसेल तर गाडी दिसण्याच्या तपासणीतच नापास होते. तेव्हा मूळ कार्ब्युरेटर, त्याच्या त्या चक्रावून टाकणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्या, सगळं राहू द्या. बॉनेटच्या आतल्या बाजूला त्या नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा आणि एकेक नळी मापाने बदला. एका वेळी एकच. दोन काढल्यात की गोंधळ झालाच म्हणून समजा.

आणि २२-आर हे इंजिन चांगलं आहे. २,३६६ सीसी, लोखंडी ब्लॉक, शंभराच्या आसपास अश्वशक्ती. ते पळत नाही, ओढतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा: नव्या इंजिनाला १७१ पीएसआय, १४२ च्या खाली गेलं तर काम निघालं, आणि चार सिलिंडरमधला फरक १४ च्या आत हवा. ऑईल भरायचं झाकण उघडून टॉर्चने डाव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला खाली पाहा. टायमिंग चेनला, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या साखळीला, आधार देणारी पट्टी जागेवर दिसायला हवी. गाडी सकाळी थंड असताना सुरू केल्यावर पहिले काही क्षण पुढून साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येत असेल तर ती पट्टी झिजली किंवा तुटली आहे. तशीच चालवली तर साखळी कव्हर कापत जाते, कव्हरच्या पलीकडे पाण्याची वाट आहे आणि पाणी ऑईलमध्ये उतरतं. पोलादी पाठीची पट्टी, नवी साखळी, टेन्शनर, ऑईल पंप आणि वॉटर पंप सगळं एकाच वेळी करा, कारण ऑईल पॅन सोडवायला पुढचा डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) आड येतो आणि ते काम दोनदा करावंसं वाटत नाही. टॅपेटची फट गरम इंजिनावर लावा: इनटेक ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.३०. रेडिएटर तीन ओळींचा घ्या. इंजिनाला इतकंच.

उंचीचा हिशेब मात्र मनात ठेवा. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते. योसेमिटीतून टियोगा खिंडीत चढाल तेव्हा तुम्ही जवळजवळ दहा हजार फुटांवर असाल आणि शंभर घोड्यांतले सत्तरच उरलेले असतील. वजन कमी करणं हा या गाडीला अश्वशक्ती वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि त्याला तपासणी लागत नाही.

आता चासी. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ चासीच्या आत जाऊन बसतं. बाहेरून काळा रंग चमकत असेल तर मला उलट जास्त शंका येते. गाडी चार स्टँडवर उचला आणि टोकदार हातोडी घेऊन खाली झोपा. मागच्या स्प्रिंगचे हँगर, त्यांच्यावरची चासीची कमान, टाकीच्या वरची बाजू आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे, इथे दर दोन बोटांवर ठोका. धडधाकट लोखंड टणत्कार देतं. कुजलेलं 'थप्' करतं आणि हातोडीचं टोक किंचित रुतल्यासारखं लागतं. तो फरक पाच मिनिटांत कानात बसतो. चासीच्या पेटीला जी भोकं आहेत त्यांतून बोट घाला. मूठभर लाल पापुद्रे बाहेर आले तर आतली भिंत किती उरली ते आधी ठरवायचं. थोडा भाग गेला असेल तर कापून नवी पट्टी माशाच्या आकारात, निमुळती टोकं ठेवून वेल्ड होते. सरळ उभी वेल्ड मारू नका, चासी नेमकी त्याच रेषेवर तडकते. हँगरच्या आजूबाजूची एक फुटाहून जास्त लांबी गेली असेल तर कोरड्या प्रदेशातली दुसरी चासी शोधा. अॅरिझोना, नेवाडात मिळतात. इथे मन घट्ट करावं लागतं, पण कुजलेल्या चासीवर कॅम्पर चढवून तुमच्या लेकीला कड्यालगतच्या रस्त्यावर नेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

दुसरी जागा स्टीअरिंग बॉक्सची. वायर ब्रशने त्याच्याभोवतीची चासी पांढरी होईपर्यंत घासा. घरातल्या कुणाला तरी उभ्या गाडीत स्टीअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि तुम्ही बोल्टांच्या भोकांकडे बघत राहा. पत्रा श्वास घेतल्यासारखा हलत असेल किंवा भोकापासून केसासारखी रेघ निघालेली असेल तर मोठे टायर लावण्याआधी तिथे मजबुतीची प्लेट हवी. मोठ्या टायरांवर चाललेल्या या पिढीच्या गाड्यांत तडे इथेच जातात.

तुमची गाडी १९८५ च्या आतली आहे हे तुमचं भाग्य. १९७९ ते १९८५ पर्यंतच्या या पिकअपना पुढे सलग ॲक्सल आणि पाटे आहेत. १९८६ पासून पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर गेली. महिंद्राच्या जुन्या जीपवर ज्यांनी हात काळे केलेत त्यांना हा ॲक्सल घरचाच वाटेल. चाकामागे जो गोल चेंडू दिसतो त्यावर बोट फिरवा. काळ्या ग्रीसचा पातळ लेप असेल तर ठीक. पातळ ऑईल ओघळून टायरच्या आतल्या बाजूला आलं असेल तर आतलं सील गेलं आहे: डिफरन्शियलचं गिअर ऑईल चेंडूत शिरतं, ग्रीस पातळ होतं, आतला बर्फील्ड जॉइंट (वळत्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) धुऊन निघतो, आणि तिकडे डिफरन्शियलमधली पातळी उतरत जाते.

हे काम घरी करता येतं आणि तुम्ही ते स्वतः करावं असं मला वाटतं, कारण वाळवंटात हाच ॲक्सल उघडायची वेळ आली तर हातांना ओळख असेल. हब काढताना सहा स्टडवर शंकूच्या आकाराचे वायसर दिसतील. ते ओढून निघत नाहीत. नट स्टडच्या टोकाशी येईपर्यंत सैल करा आणि पितळेचा दांडा धरून स्टडवर सरळ, खणखणीत ठोका मारा. वायसर आपोआप उडी मारून सुटतात. लोखंडी हातोडी थेट वापराल तर स्टडचे आटे चेपतील. बेअरिंगच्या नटाला ५४ मिलिमीटरचं सॉकेट लागतं, छिन्नीने ठोकून तो नट फिरवू नका. नकलच्या, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या भागाच्या, वर-खाली पातळ शिम (चकत्या) असतात. कुठली वरची, कुठली खालची, कुठल्या चाकाची, हे दोरा बांधून लिहून ठेवा, नाहीतर चाकाचा मध्य हलतो. सगळं धुऊन, नवी सीलं, नवी बेअरिंग, मॉलिब्डेनमचं ग्रीस. दोन शनिवार-रविवार धरा.

आता ज्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही ती गोष्ट. मागच्या ॲक्सलपासून एक सळी चासीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेलेली दिसेल. मागे भार पडून गाडी बसली की ती सळी व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. तुम्ही चार इंच लिफ्ट घातली की त्या व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे. म्हणजे गाडी सगळ्यात जड असताना मागचे ब्रेक सगळ्यात कमी लागतात, आणि सगळा ताण पुढच्या डिस्कवर. लिफ्ट घालणारे कित्येक जण हे विसरतात आणि मग घाटात ब्रेक तापले म्हणून डिस्क बदलत बसतात. उंची बदलाल तेवढीच ॲक्सलकडची पट्टी उचलून त्या सळीचा कोन पूर्ववत करा. जोडीला रबरी होज सगळे नवे घ्या, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर बदला आणि पुढे याच घराण्यातल्या नंतरच्या व्ही-सिक्स गाडीचे मोठे कॅलिपर लावा. आधी ते तुमच्या चाकांच्या आत बसतात का पाहा.

लिफ्ट चार इंच नको. दोनच्या आत. कॅम्परने गुरुत्वमध्य आधीच वर नेलेला आहे. शिवाय या ॲक्सलला स्टीअरिंगचा दांडा पुढून मागे जातो; तो जितका तिरका होईल तितकं खड्ड्यात स्टीअरिंग स्वतःहून फिरतं. मागे मात्र पाटे तुमच्या वजनाप्रमाणे बनवून घ्या. स्प्रिंगवाल्याला काट्याची चिठ्ठी दाखवा, "मागे इतके किलो, कायमचे" असं सांगा, आणि तो पाट्यांची संख्या ठरवेल. हवेच्या पिशव्या घालून बसलेली गाडी उचलणं हे दुखणं झाकणं आहे. चासीवर एकाच ठिकाणी ठोसे बसत राहतात.

टायर ३१ बाय १०.५० बाय १५, त्याहून मोठे नकोत. मूळ टायर साधारण २८.३ इंची होते. ४.१० चा डिफरन्शियल (दांड्याचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक) ३१ इंची टायरांवर ३.७४ सारखा वागतो. पाचवा गिअर सपाटीवरही निरुपयोगी होतो. ३३ घातलेत तर ३.५२, आणि मग सिएराच्या चढावर तुम्ही तिसऱ्यात अडकाल. त्याऐवजी ३१ इंची टायरांबरोबर ४.८८ चे गिअर पुढे आणि मागे दोन्हीकडे बसवा. ते मूळच्या भाषेत ४.४५ होतात, म्हणजे कॅम्परचं वजन भरून निघतं. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरची आहे आणि तिची लो रेंज, म्हणजे हळू पण जोरकस गिअर, २.२८. पहिला गिअर चारच्या आसपास धरला तर इंजिनाचे साडेचव्वेचाळीस फेरे होतील तेव्हा चाकाचा एक होईल. व्हाइट रिमच्या खडकांवरून ब्रेकला पाय न लावता उतरता येतं. हवा डांबरावर वजनाप्रमाणे पूर्ण ठेवा, पन्हाळी रस्त्यावर आणि वाळूत हळू वेगात उतरवा. रिकाम्या पिकअपवाले बारा-पंधरा पीएसआयपर्यंत जातात, पण भरलेल्या कॅम्परला मागे वीसच्या खाली मी नेत नाही. परत भरायला कंप्रेसर आणि मोजायला चांगला गेज बरोबर हवाच.

मग कॅम्पर. छत गळतं म्हणता तर समजून चाला की आतला सांगाडा कुजला आहे. या कॅम्परांचा सांगाडा बारीक लाकडी पट्ट्यांचा, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. पाणी कोपऱ्यातल्या पट्टीखालून शिरतं आणि बाहेर दिसतं ते दोन फूट लांब. मी माझ्या कॅम्परच्या पुढच्या कोपऱ्यातला पहिला स्क्रू फिरवला तेव्हा तो बोटांनीच बाहेर आला, आणि भोकातून भिजलेल्या चहाच्या भुकटीसारखं काहीतरी ओघळलं. ते लाकूड होतं. झोपायचा जो भाग टपावर पुढे येतो, त्याची खालची बाजू सगळ्यात आधी जाते, आणि तुमची माणसं तिथेच झोपणार. पूर्ण वजन देऊन तपासा.

पत्रे खालून वर एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून काढताना वरून खाली या, बसवताना खालून वर. प्रत्येकावर मार्करने क्रमांक टाका. कुजलेली पट्टी निम्मी कापून जोडू नका, सांध्यापर्यंत पूर्ण बदला. खिळे-पिनांऐवजी गोंद आणि स्क्रू. कडांना आणि खिडक्यांना ब्युटिल टेप, सिलिकॉन कधीही नाही. सिलिकॉन ॲल्युमिनियमवरून दोन उन्हाळ्यांत सुटतं आणि त्याच्या डागावर नंतर काहीच चिकटत नाही. आत बंद पेशींचा फोम भरा. रात्रभरात तीन माणसांच्या श्वासातून बरंच पाणी हवेत जातं. ते थंड पत्र्यावर दव धरून परत त्याच लाकडात उतरतं, म्हणून वर एक खिडकी थंडीतही बोटभर उघडी ठेवायची. जुन्या ओव्हनला, सिंकला, प्लायच्या जाड कपाटांना रजा द्या. मी एवढ्याने सदुसष्ट किलो वाचवले, वहीत लिहून ठेवलंय. कपाटांच्या जागी कापडी कप्पे करा. आमच्या घरात ते बायकोने जुन्या कॅनव्हासचे शिवले आणि अकरा वर्षं टिकलेत.

कॅम्पर हौद्याला बांधताना लक्षात घ्या की खडबडीत जमिनीवर चासी पिळवटते आणि कॅम्परची पेटी पिळवटू शकत नाही. हौद्याच्या नुसत्या पत्र्यात आयबोल्ट टाकून टर्नबकल आवळले की पत्रा डबा उघडल्यासारखा फाटतो. खालून किमान तळहाताएवढी पोलादी प्लेट द्या, शक्य असेल तिथे बांधणी चासीपर्यंत न्या, आणि टर्नबकलमध्ये स्प्रिंग असू दे. हौद्याच्या तळाला रबरी चटई अंथरा म्हणजे पेटी सरकणार नाही.

विजेचं थोडक्यात. आधी खर्च मोजा, मग सोलर घ्या. बारा व्होल्टचा कंप्रेसरवाला लहान फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस अँपिअर-तास खातो. दिवे, पंखा, फोन मिळून दहा. शंभर वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण तीस देतं. म्हणजे दोनशे वॅट आणि शंभर अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तुम्हाला पुरेशी आहे. ती बारा-तेरा किलोंची असते, तेवढ्याच शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी. फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. आणि तिला अल्टरनेटरशी थेट जोडू नका. जुना छोटा अल्टरनेटर मागेल तेवढं देत राहतो आणि जळतो. मध्ये वीस अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर घाला. वायर जाड घ्या: दहा अँपिअर, जायला-यायला मिळून दहा मीटर, अडीच चौरस मिलिमीटरची वायर असेल तर वाटेत ०.७ व्होल्ट जातात आणि फ्रिज रुसतो. सहाची घेतली की ०.३ च्या आत. फ्यूज बॅटरीच्या खांबापासून वीतभर अंतरात.

प्रोपेन हवेहून जड आहे, गळला तर जमिनीशी साठतो. टाकीचा कप्पा आतून पूर्ण बंद हवा आणि त्याच्या तळाला बाहेर जाणारं भोक हवं. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीवर लावा. शेगडी पेटवून खोली गरम करायची नाही, एक रात्रही नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की मुलीला मागे कॅम्परमध्ये झोपवून नेता येईल का. नाही. तिथे तिला धरून ठेवणारं काही नाही आणि तुम्हाला तिचा आवाजही येणार नाही. ती पुढच्या सीटवर, दाराजवळ बसेल, कारण तीन टोकांचा पट्टा तिथे आहे आणि बूस्टर सीटला खांद्यावरचा पट्टा लागतोच. मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असतो. तिथे मोठ्या माणसाने बसायचं, गिअरचे दोन दांडे गुडघ्यांशी सांभाळत. त्यामुळे दिवसाला तीन-चार तासांहून जास्त चालवायचं नाही असंच वेळापत्रक आखा.

व्हाइट रिम शंभर मैलांचा आहे आणि त्याला आधी परवाना काढावा लागतो. पहिल्या वर्षी तो नको. पहिली रात्र घराच्या अंगणात काढा, पाईपने छतावर तासभर पाणी मारून. दुसरी ॲलाबामा हिल्सच्या आसपास, जिथून लोन पाइन गाव हाकेच्या अंतरावर आहे. मग मोहावी रोड, पण जोडीला दुसरी गाडी असेल तेव्हाच, आणि पाऊस होऊन गेला असेल तर सोडा लेकच्या कोरड्या तळ्यावर चाक घालायचं नाही. वरची पपडी धरते आणि खाली चिखल असतो. निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांनी थांबून चाकांचे नट आवळा. नव्या पाट्यांचे यू-बोल्ट तीनशे मैलांनी परत आवळा, पाटे बसले की ते हमखास सैल होतात. आणि परत आलात की गाडी तशीच, धुळीसकट, एकदा काट्यावर घेऊन जा. निघताना वहीत लिहिलेला आकडा आणि हा आकडा यांत जो फरक येईल तो मला कळवा, पाट्यांचं माप त्यावरून नक्की करू.